चष्मा लावून पहिला डीएसएलआर घेताना

मला सहावीत चष्मा लागला आणि नंबर तेव्हापासून वाढतच गेला. आज दोन्ही डोळ्यांना मायनस पावणेपाच, उजव्याला वर सिलिंडरचा नंबर. वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावात माझं झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं छोटं दुकान आहे. बारसं, साखरपुडा अशा ऑर्डरी यायला लागल्या तेव्हा मोबाईलवर भागेना, म्हणून पहिला डीएसएलआर घेतला. घरबसल्या मागवला. पाहिलं काय, तर मेगापिक्सल किती, किंमत किती आणि सोबत बॅग फुकट मिळते का.

कॅमेरा चांगला होता, फक्त त्यातून मला पूर्ण दिसत नव्हतं. हे कळायला चुलत बहिणीचं लग्न लागलं. दुपारी ग्रुप फोटोसाठी एफ-८ लावला होता, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवलं होतं, तो संध्याकाळी रिसेप्शनलाही तसाच राहिला. व्ह्यूफाइंडरच्या तळाशी शटरचा आकडा १/८ सेकंद, म्हणजे फोटो हलेल इतका मंद, दाखवत होता, पण ती तळाची ओळच चष्म्यामुळे माझ्या नजरेत येत नव्हती. शे-दीडशे फोटो हलले. जे हलले नाहीत त्यांच्या कडेला प्लास्टिकच्या बादल्या, उष्ट्या पत्रावळी आणि एका ठिकाणी कॅटरिंगवाल्या पोराचं नुसतंच कोपर. मोठी आई फोटो पाहून म्हणाली, "अवं, ह्या फोटूत मी आहो का माहं भूत?"

तुम्हाला चष्मा असेल आणि पहिला कॅमेरा घ्यायचा असेल, तर ही चूक टाळता येते. एकच आकडा समजून घ्यायचा आणि एकदा बसने नागपूरला किंवा अमरावतीला जाऊन यायचं.

डोळा आणि कॅमेरा यांच्यामधली जागा

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आतल्या तिरप्या आरशावर पडतो, तिथून वर जातो आणि दोन-तीन वळणं घेऊन मागच्या छोट्या खिडकीतून तुमच्या डोळ्यात येतो. ही खिडकी म्हणजे व्ह्यूफाइंडर. खिडकीच्या गजाला नाक लावून पाहिलं तर अख्खं अंगण दिसतं. खोलीच्या मधोमध उभं राहून पाहिलं तर तुळशीवृंदावन तेवढं दिसतं, कोपऱ्यातली गाय दिसत नाही. चष्मा नसलेला माणूस गजाला नाक लावून उभा असतो. आपण चष्म्यामुळे मागे ढकलले गेलेले असतो.

किती मागे? चष्म्याची काच बुबुळापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटर पुढे असते. त्यात काचेची जाडी मिळवा. खिडकीभोवतीची रबरी कड आणखी एकदोन मिलिमीटर खाते. म्हणजे डोळा खिडकीच्या भिंगापासून सहज १७-१८ मिलिमीटरवर गेला.

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात यासाठी एक आकडा दिलेला असतो, त्याला आयपॉइंट म्हणतात. भिंगापासून डोळा किती लांब असला तरी पूर्ण चौकट एका नजरेत दिसेल, ते अंतर. चष्मेवाल्याने माहितीपत्रकात सगळ्यात आधी हा आकडा शोधायचा, मेगापिक्सल नंतर. तसेही मी पुढे ज्या मॉडेलांच्या खिडकीचे आकडे देणार आहे ती सगळी २४ मेगापिक्सलच्या आसपासची आहेत, त्यामुळे त्या आकड्यावरून निवडायला काही उरतच नाही.

आता आकडे बघा. निकॉन डी३५०० चा आयपॉइंट १८ मिलिमीटर. त्याच्याहून महाग असलेल्या डी५६०० चा १७. कॅननच्या २००डीचा १९. आणि कॅननच्या सगळ्यात साध्यांपैकी एक, दुकानदार "शिकायला ठीक आहे" म्हणून नाक मुरडत दाखवतो तो १५००डी, त्याचा २१. म्हणजे चष्मेवाल्यासाठी स्वस्त कॅमेऱ्याची खिडकी महागापेक्षा सोयीची. मला हे कळलं तेव्हा माझा आधी विश्वासच बसला नाही.

असं का होतं, त्याचं कारण दुसऱ्या आकड्यात आहे. खिडकीतलं चित्र किती मोठं दिसतं तो हा आकडा. डी३५०० मध्ये ०.८५ पट, १५००डी मध्ये ०.८० पट. चित्र थोडं लहान ठेवलं की ते लांबूनही पूर्ण दिसतं. मोठं चित्र आणि लांबचा डोळा, दोन्ही हवं असेल तर आतली रचना चांगली लागते आणि ती वरच्या गटातल्या बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात, मिळते. स्वस्त बॉडीत उजेड वळवायला आरशांची पेटी असते, तिला पेंटामिरर म्हणतात. वरच्या गटात काचेचा भरीव ठोकळा असतो, तो पेंटाप्रिझम. पेंटाप्रिझमचं चित्र मोठं आणि उजळ दिसतं. निकॉन डी७२०० ला ०.९४ पट चित्र आणि १९.५ मिलिमीटर आयपॉइंट. कॅनन ८०डीला ०.९५ पट आणि तब्बल २२ मिलिमीटर. माझ्या मते चष्मेवाल्यासाठी या अख्ख्या किमतीच्या गटात ८०डीसारखी खिडकी नाही.

आणखी एक गोष्ट. पेंटामिररच्या बॉडी तुम्हाला ९५ टक्के चौकट दाखवतात, तीही आडवी ९५ आणि उभी ९५. फोटोत येणाऱ्या जागेपैकी दहावा भाग तुम्ही क्लिक करताना पाहिलेलाच नसतो. त्यात चष्म्याने कोपरे खाल्ले की बादल्या आणि पत्रावळी आल्याच म्हणून समजा. डी७२०० आणि ८०डी पूर्ण १०० टक्के दाखवतात.

आधी स्वतःच्या चष्म्याकडे बघा

दुकानात जायच्या आधी चष्म्याच्या नंबरचा कागद शोधून ठेवा. नसेल तर तालुक्याच्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घ्या. कॅमेरा घेतल्यावर नंबर बदलला तर सगळंच परत जुळवावं लागतं.

खिडकीच्या उजव्या कोपऱ्याला एक बारीक चकती किंवा सरकती कळ असते. तिला डायऑप्टर म्हणतात. ती फिरवली की आतलं चित्र तुमच्या नंबरप्रमाणे स्पष्ट होतं. यावरूनच दुकानदार सांगतो, "मॅडम, चष्मा निकाल के देखो, सब सेट हो जाता है." अर्धं खरं आहे. डी३५०० ची चकती मायनस १.७ पासून प्लस ०.५ पर्यंतच जाते, १५००डीची मायनस २.५ पासून प्लस ०.५ पर्यंत. डी७२०० ची मायनस २ ते प्लस १ आणि ८०डीची मायनस ३ ते प्लस १. तुमचा नंबर मायनस दीड असेल तर यातली कुठलीही बॉडी चष्म्याविना चालेल. माझ्यासारखा पावणेपाच असेल तर एकही चालत नाही.

कागदावर सिलिंडरचा आकडा असेल तर तो वेगळा विषय. डायऑप्टर गोल नंबर दुरुस्त करतो, सिलिंडर नाही. पाव-अर्धा असेल तर डोळा सांभाळून घेतो. त्याहून जास्त असेल तर चकती कितीही फिरवा, आकड्यांच्या कडा एका दिशेने पसरलेल्याच दिसणार. अशा वेळी मुकाट्याने चष्मा डोळ्यावर ठेवायचा आणि आयपॉइंट मोठा असलेली बॉडी घ्यायची.

खरं तर नंबर कमी असला तरी माझा सल्ला चष्मा लावूनच फोटो काढा असाच आहे. बोरच्या जंगलात चष्मा काढून खिडकीला डोळा लावला आणि गाइड म्हणाला "तिकडं पाहा, झाडाच्या बुडाशी", तर आधी चष्मा शोधायचा, मग वाघ. तोवर वाघ पाणी पिऊन गेलेला असतो. लग्नातही तेच. अक्षता पडताना चष्मा खिशात आणि समोर सगळं धूसर. निकॉन-कॅननची खिडकीला लावायची वेगळी नंबरची भिंगंही असतात, पण आपल्याकडे मिळायला अवघड आणि काढ-घालीचा त्रास तोच.

चाळिशी लागलेल्यांना एक सूचना. खिडकीतलं चित्र डोळ्याला साधारण एक मीटरवर असल्यासारखं दिसतं, पेपर वाचायच्या अंतरावर नाही. म्हणून बायफोकल असेल तर वरच्या, लांबच्या भागातून खिडकीत बघा आणि उरलेली कसर चकतीने भरून काढा. मागचा स्क्रीन मात्र खालच्या भागातून बघावा लागेल. दिवसभर मान वरखाली होते, त्याला इलाज नाही.

उन्हात काळी पडणारी काच असेल तर स्क्रीनवर फोटो आहे त्याहून अंधारा दिसतो आणि माणूस उगाच उजेड वाढवत बसतो. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, फोटोत उजेड-अंधार किती ते दाखवणारा हिस्टोग्रामचा आलेख बघायची सवय लावा. पोलराइज्ड गॉगल असेल तर स्क्रीन एका कोनात चक्क काळा दिसतो. कॅमेरा बिघडला म्हणून घाबरू नका, मान तिरपी करून बघा.

आणि फ्रेम. चष्मा नाकावर जितका जवळ बसेल तितकं खिडकीत जास्त दिसतं. नाकावरच्या पॅडवाली धातूची फ्रेम असेल तर चष्मेवाल्याला सांगून पॅड थोडे दाबून घ्या. पापण्या काचेला लागणार नाहीत इतपतच. एकदोन मिलिमीटर जवळ आला तरी कोपरे दिसायला लागतात. मी हे केलं तेव्हा जुन्या कॅमेऱ्यातसुद्धा तळाची ओळ अर्धी तरी दिसायला लागली, आणि लग्नाआधी हे का सुचलं नाही म्हणून मी स्वतःवरच चिडले.

नवा घ्यावा की जुना

डीएसएलआरचा जमाना उतरणीला लागला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. २०२० नंतर कॅनन आणि निकॉन दोघांचा सगळा जोर मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर गेला. डी३५०० आणि डी५६०० तर बंदच झाले. दुकानात नवा म्हणून मिळाला तर तो पडून राहिलेला माल. मग डीएसएलआर घ्यावाच का?

आपल्याकडे घ्यावा, असं मला वाटतं, आणि त्याचं एक कारण बॅटरी. डीएसएलआरची खिडकी नुसती काच आणि आरसा आहे, बघत राहायला वीज लागत नाही. मिररलेसच्या खिडकीत छोटा टीव्ही असतो, तो सतत चालू. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे डी३५०० एका चार्जवर १५५० फोटो काढतो, डी७२०० सुमारे ११००, ८०डी ९६०. १५००डी मात्र ५०० वरच थांबतो, त्याच्यासोबत दुसरी बॅटरी घ्याच. लोडशेडिंगमध्ये लग्नाचे दोन दिवस काढायचे असले की या आकड्यांची किंमत कळते. आणि मिररलेस घेतला म्हणून चष्म्याचा प्रश्न सुटत नाही. तिथल्या खिडकीलाही आयपॉइंट असतोच, तोही बघावाच लागतो.

दुसरं कारण पैसा. लोक मिररलेसकडे वळले तसे त्यांचे चांगले डीएसएलआर जुन्या बाजारात आले. पेंटाप्रिझमची बॉडी, जी नवी असताना आपण विचारायलाही गेलो नसतो, ती आता नव्या साध्या किटच्या (बॉडी आणि सोबत येणारी लेन्स) आसपासच्या पैशात मिळू शकते. डी७२०० हा २०१५ चा आणि ८०डी २०१६ चा. वय झालं, पण पोळ्याचे बैल आणि हळदीचे फोटो काढायला काही कमी नाही. वजन मात्र जाणवतं. डी३५०० बॅटरी-कार्डासह ४१५ ग्रॅम, ८०डी ७३० ग्रॅम, वर लेन्स वेगळी.

मी स्वतः दुसऱ्या वेळी जुना ८०डी घेतला. तुमचा हात पहिल्यांदाच कॅमेऱ्याला लागत असेल, जुन्या मालाची धास्ती वाटत असेल, तर नवा १५००डी घ्या आणि बिल, वॉरंटी कार्ड नीट सांभाळा. त्याचा आयपॉइंट तुम्हाला सांभाळून घेईल. चित्र लहान आणि थोडं मंद दिसेल, पण पूर्ण दिसेल.

दुकानात

कापसाचे पैसे हातात आले की खरेदी, हे आपल्याकडचं गणित. माझं म्हणणं, कॅमेऱ्यासाठी थोडं थांबा आणि लग्नसराई संपल्यावर जा. तेव्हा दुकानदाराला वेळ असतो आणि स्टुडिओवालेही जुनी बॉडी काढायच्या विचारात असतात. आम्ही जामच्या चौकातून नागपूरची गाडी धरतो, गणेशपेठला उतरतो आणि सीताबर्डीत जातो. अमरावती, यवतमाळकडच्यांनी आपापल्या बाजूचं मोठं दुकान बघावं. तालुक्यात घ्यायचा असेल तरी चालेल, पण बॉडी हातात घेऊन खिडकीतून बघायला मिळाली पाहिजे. काचेच्या कपाटातून दाखवतात तिथे घेऊ नका.

नेहमीचा चष्मा लावून जा. नवा, सणावाराचा नको. काच पुसून घ्या, धुळीच्या काचेतून बघाल तर कॅमेऱ्याला दोष द्याल. सोबत स्वतःचं मेमरी कार्ड न्या.

बॉडीला किट लेन्स लावायला सांगा. मग पांढऱ्या भिंतीकडे कॅमेरा धरा, शटर अर्धं दाबा आणि तळाचे आकडे स्पष्ट होईपर्यंत डायऑप्टरची चकती फिरवा. बहुतेक जण इथे चुकतात. समोरच्या माणसाकडे बघत चकती फिरवतात, तो आधीच फोकसबाहेर असतो आणि मग दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंततात. नजर फक्त आकड्यांवर आणि फोकसच्या ठिपक्यांवर ठेवायची. आणि घाबरू नका, चकती चुकली म्हणून ऑटोफोकसचा फोटो धूसर येत नाही. धूसर दिसतं ते फक्त तुम्हाला.

आता खरी परीक्षा. डोळा न हलवता चारही कोपरे दिसतात का? तळाची आकड्यांची ओळ डावीकडून उजवीकडे पूर्ण वाचता येते का? डोळा थोडा सरकवावा लागत असेल तर चालेल. मान खालीवर करावी लागत असेल तर ती बॉडी परत ठेवा, कितीही सूट देत असले तरी.

कॅमेरा उभा धरून पुन्हा बघा. हे कोणी करत नाही, आणि नवरा-नवरीचे अर्धे फोटो उभेच असतात. उभ्यात चष्म्याची दांडी, नाक आणि रबरी कड यांची वेगळीच मारामारी होते. तुम्ही डाव्या डोळ्याने बघत असाल तर नाक थेट स्क्रीनवर घासतं आणि काच उजव्या बाजूने उचलली जाते. तुमचा कुठला डोळा जोरकस आहे ते घरीच पाहून जा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या विजेच्या खांबावर बोट धरा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बोट खांबावरच राहतं तो तुमचा. डावा निघाला तर आयपॉइंटला माझ्यापेक्षाही जास्त महत्त्व द्या.

शेवटी दुकानाच्या दाराची चौकट व्ह्यूफाइंडरच्या कडांना बरोबर लावून एक फोटो काढा आणि स्क्रीनवर बघा. चौकटीच्या बाहेरचं किती आलं ते दिसेल. तेवढं दर फोटोत येणार आहे, हे डोक्यात ठेवून घ्यायचं.

दुकानदार कंटाळेल. मी तिसरी बॉडी मागितली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, फोटो तो सबका सेम आता है." मी म्हटलं, "भाऊ, फोटो सारखाच येते, पण मले दिसून नाही राहिला ना." मग हसला आणि मागून ८०डी काढून दिला.

जुना घेत असाल तर

शटर किती वेळा चाललं ते आधी विचारा. डी३५०० आणि ८०डीचं शटर कंपनीने एक लाख क्लिकसाठी तपासलेलं असतं, डी७२०० चं दीड लाखासाठी. आकडा ओलांडला की लगेच बंद पडतं असं नाही, पण किंमत त्याप्रमाणे उतरवून मागा. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये हा आकडा लिहिलेला सापडतो. कॅननच्या या गटातल्या बॉडीत तो फाइलमध्ये नसतो, कॉम्प्युटरला जोडून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्याची बॉडी दोन हंगामांतच म्हातारी होते. हौशी माणसाची, कपाटात पडून असलेली बॉडी बरी, मात्र तिला बुरशी असू शकते.

बुरशीसाठी मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या एका टोकातून मारा आणि दुसऱ्या टोकातून तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लेन्स सोडून द्या. फोटो टिपणाऱ्या सेन्सरवरच्या धुळीसाठी एफ-१६ ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करा, काळे ठिपके दिसतील. ठिपके साफ करता येतात, ओरखडे नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी धूळ मात्र फोटोत येत नाही, तिच्यासाठी फार भांडू नका.

आपल्यासाठी खास तपासणी खिडकीची. जुन्या बॉडीची रबरी कड बऱ्याचदा हरवलेली असते. खालचं टणक प्लास्टिक उघडं पडतं आणि तुमच्या चष्म्याच्या काचेवर रोज घासतं. आपल्या काचा आता बहुतेक प्लास्टिकच्या असतात, महिन्याभरात मध्यभागी धुरकट वर्तुळ तयार होतं. कड फार महाग नसते, ती आणल्याशिवाय कॅमेरा डोळ्याला लावू नका. काही जण एकदोन मिलिमीटर वाचवायला मुद्दाम कड काढून टाकतात. मीही काढली होती. कोपरे दिसले, काच गेली. नवी काच कडेपेक्षा कितीतरी महाग पडली.

बिल आणि बॉडीवरचा सिरीयल नंबर जुळतो का ते बघा. बिल नाही म्हणाला तर उठून या.

लेन्स आणि बाकीचं

पहिल्या वर्षाला १८-५५ ची किट लेन्स पुरते. पैसे उरले तर ५० मिलिमीटर एफ-१.८. संध्याकाळच्या मंडपात ती जीव वाचवते, आणि खिडकीतलं चित्रही तिने उजळ दिसतं, कारण उजेड जास्त आत येतो. चष्मेवाल्याला हा फरक लगेच कळतो.

निकॉनवाल्यांनी एक जपा. डी३५०० आणि डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ-डी लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून घेतली तर फोकस हाताने फिरवावा लागेल, आणि पेंटामिररच्या छोट्या चित्रात चष्म्यातून हाताने फोकस करणं म्हणजे चालत्या बसमध्ये सुईत दोरा ओवणं. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलीच घ्या. उलट जुना डी७००० घेणार असाल तर त्याला एएफ-पी चालत नाही.

बोर, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला डोक्यात असेल तर लांबचं जवळ आणणारी लेन्स, कॅननची ५५-२५० किंवा निकॉनची ७०-३००, पुढच्या वर्षी घ्या. एकदम सगळं घेऊ नका. स्टँड, फिल्टर, मोठी बॅग यांचं तर नावच काढू नका.

घरी आणल्यावर

डायऑप्टरची चकती बॅगेत घासून फिरते. माझ्या घरी ती नवराही फिरवतो, त्याला चष्मा नाही. जुळवून झाली की चकतीच्या रेघेसमोर नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्या. सकाळी ऑर्डरला निघताना एकदा ठिपका बघायचा, भांडण वाचतं.

थंडीत पहाटे श्वासाने चष्मा आणि खिडकी दोन्ही धुरकटतात. श्वास खाली सोडा, स्कार्फ नाकाखाली घ्या. पावसाळ्यात एसीच्या गाडीतून बाहेर आलात तर कॅमेरा दहा-पंधरा मिनिटं बॅगेतच बंद राहू द्या, लगेच काढला तर लेन्सवर दव धरतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा मोटारसायकलच्या डिक्कीत कॅमेरा ठेवणं म्हणजे तो तव्यावर ठेवणं. घामाने चष्मा घसरतो आणि घसरला की डोळा खिडकीपासून आणखी लांब जातो, म्हणून उन्हाळ्यातल्या लग्नांना मी चष्म्याला मागून दोरी बांधते. पोरी हसतात, हसू द्या.

बुरशी टाळायला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. जेलचे दाणे रंग बदलले की पुडी बदला. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून उजेडात चालवून ठेवा.

कापूस वेचणीच्या दिवसांत रस्त्याची धूळ आणि जिनिंगचा भुसा सगळीकडे असतो. खिडकी असो, लेन्स असो की चष्मा, आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवायची आणि मगच मऊ कापडाने पुसायचं. दुपट्ट्याने, पदराने पुसू नका. दुपट्ट्यात अडकलेला मातीचा एक कण तिन्हींवर सारखाच ओरखडा काढतो. माझ्या दुकानात काउंटरच्या खिळ्याला दोन कापडं टांगलेली आहेत. निळं कॅमेऱ्याचं, पिवळं चष्म्याचं. पिवळ्याला नाकाचं तेल लागलेलं असतं, ते निळ्याच्या वाटेला जायला नको.